खेडा खरेदीचा पैसा आणि जुन्या वर्षांची आयकर मागणी

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील ६६ वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यात १४ एकर कोरडवाहू वावर. त्यासोबत २०२२ पर्यंत खेडा खरेदी: गावातल्या कास्तकारांचा कापूस घ्यायचा, जिनिंगला (सरकी काढणाऱ्या कारखान्याला) घालायचा, चुकारा म्हणजे मालाचे पैसे आणून वाटायचा. रिटर्न कधीच भरलं नाही. आता आयकर पोर्टलवर तीन गोष्टी निघाल्या. असेसमेंट वर्ष (पैसा आला त्याच्या पुढचं वर्ष) २०१७-१८ साठी नोटाबंदीत भरलेल्या ९ लाख ४० हजारांवर डिसेंबर २०१९ चा एकतर्फी आदेश, मागणी व्याजासकट अकरा-बारा लाख. वर्ष २०१९-२० साठी खात्यात आलेल्या २६ लाखांवर मार्च २०२४ चा एकतर्फी आदेश, मागणी ४३ लाख. आणि वर्ष २०२२-२३ साठी ४८ लाख जमा दिसतात म्हणून कलम १४८ए ची, म्हणजे जुनं वर्ष पुन्हा उघडण्याआधीची, कारणे दाखवा नोटीस. गावात एक जण म्हणतो, शेतकऱ्याला कर नसतो, लक्षच देऊ नका. दुसरा म्हणतो, एवढे द्या, मी साहेबांशी बोलून सेटलमेंट करून देतो. तुम्ही विचारता, सेटलमेंट नेमकी कुठे होते, आणि यंदापासून रिटर्न भरलं तर जुनं आणखी उकरलं जाईल का.

मी पंचवीसेक वर्षं वर्धा-यवतमाळ भागात आयकराचीच कामं करतो. पहिल्यांदा हे सांगतो, की जुन्या वर्षांवर घासाघीस करून रक्कम ठरवायची अशी खिडकी आज आयकरात नाही. सेटलमेंट कमिशन १ फेब्रुवारी २०२१ पासून बंद झालं. 'विवाद से विश्वास' योजना २०२० मध्ये आली, पुन्हा २०२४ मध्ये आली. दुसऱ्या वेळी २२ जुलै २०२४ रोजी ज्यांचं अपील किंवा तसाच अर्ज प्रलंबित होता त्यांनाच ती लागू होती, आणि ३० एप्रिल २०२५ ला तिची मुदत संपली. तुमचं अपीलच नव्हतं, म्हणून ती तुमच्या हातातून गेली असं मनाला लावून घेऊ नका. पण उद्या अशी योजना पुन्हा आली तरी अपील दाखल असलेल्यालाच तिचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. तोवर मागणीवर कलम २२०(२) खाली दरमहा एक टक्का व्याज चढतं. योजनेची वाट पाहत बसणं दोन्ही बाजूंनी तोट्याचं आहे.

आता खरा प्रश्न. ४३ लाखांचं ५-१० लाखांवर कसं आणायचं, हा तो नाही. खात्यात २६ लाख आले आणि मागणी ४३ लाखांची, म्हणजे आलेल्या पैशापेक्षा कर मोठा, हे कसं झालं ते समजून घ्या. उत्तर कोणी दिलं नाही म्हणून अधिकाऱ्याने सगळी जमा 'स्रोत न सांगता आलेला पैसा' धरली, कलम ६९ए. तुमच्या या वर्षांत अशा पैशाला कलम ११५बीबीई चा दर लागतो: ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, वर उपकर. २०१९-२० ला हे ७८ टक्के होतं, त्याआधीच्या दोन वर्षांत ७७.२५. त्यावर रिटर्न न भरल्याचं आणि आगाऊ कर न भरल्याचं व्याज, प्रत्येकी दरमहा एक टक्का, थेट आदेशाच्या महिन्यापर्यंत. पाच वर्षांत तेच कराच्या पलीकडे जातं. म्हणजे मागणीचा सगळा डोलारा एकाच गृहीतावर उभा आहे, की पैसा कुठून आला ते माहीत नाही. तो कुठून आला हे कागदाने दाखवलं की डोलारा खाली येतो. न दाखवता नुसतं 'आम्ही गरीब शेतकरी' म्हटलं तर एक रुपयाही कमी होत नाही.

तीन वर्षं तीन वेगळी प्रकरणं म्हणून हाताळा. सगळं एकत्र करून एकच अर्ज लिहिणारे बरेच असतात, आणि त्यात मुदतीतलं वर्षही मुदतीबाहेरच्या वर्षासोबत बुडतं.

सगळ्यात आधी २०२२-२३ घ्या, जरी रक्कम तिथे सर्वांत जास्त भीतीची वाटत नसली तरी. तिथे अजून आदेश नाही, नुसती विचारणा आहे. उत्तराची मुदत नोटिशीत लिहिलेली असते. ती पाळा, पुरत नसेल तर संपण्याआधी पोर्टलवरूनच वाढवून मागा. नोटिशीची तारीखही नीट पाहा. सुटलेलं उत्पन्न ५० लाखांच्या खाली असेल तर या वर्षासाठी कलम १४८ए ची विचारणा ३१ मार्च २०२६ नंतर काढता येत नाही. तारीख त्यानंतरची असेल तर हा मुद्दा उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात घ्या. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला तरी तुमची ही मागची वर्षं १९६१ च्या कायद्यानेच चालणार, त्यामुळे कलमांचे जुने आकडेच धरा.

या वर्षाबद्दल एक गोष्ट अधिकाऱ्याला बसल्या जागी दिसणार नाही, ती तुम्ही दाखवायची. २०१८-१९ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,४५० रुपये होता. २०२१-२२ ला हमीभाव ६,०२५, पण बाजारभाव जानेवारी २०२२ च्या सुमारास दहा हजारांच्या घरात गेला. तुमचे २६ लाख ५,४५० ने भागा: सुमारे ४७७ क्विंटल. ४८ लाख सरासरी नऊ हजाराने भागा: सुमारे ५३३ क्विंटल. धंदा जवळपास तेवढाच होता, भाव वाढल्यामुळे जमा फुगलेली दिसते. जिनिंगच्या काटा पावत्यांवर वजन असतं. वर्षवार क्विंटल आणि भाव असा एक साधा तक्ता जोडला की उत्तराला वजन येतं.

१४८ए च्या उत्तरावर अधिकाऱ्याचं समाधान झालं तर प्रकरण तिथेच थांबतं. नाही झालं आणि कलम १४८ ची, म्हणजे फेरतपासणीची, नोटीस आलीच, तर त्यात दिलेल्या मुदतीत त्या वर्षाचं रिटर्न भरा. हे टाळू नका. रिटर्न न भरणं म्हणजे २०१९-२० चीच पुनरावृत्ती.

आता २०१९-२०. इथे थोडं थांबून विचार करावा लागतो, कारण सगळं या एका प्रश्नावर टिकून आहे: वडील व्यापारी होते की दलाल? स्वतः भाव ठरवून माल विकत घेत होते, नफा-तोटा त्यांचा होता, तर २६ लाख ही उलाढाल आणि नफा तेवढंच उत्पन्न. कलम ४४एडी छोट्या व्यापाऱ्याला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवण्याची सोय देतं. समजा २६ लाखांपैकी १९ लाख जिनिंगकडून आरटीजीएसने आले, ४ लाख रोखीची विक्री, आणि उरलेले ३ लाख पीककर्ज, पीक विमा व घरचं पीक. मग नफा १ लाख १४ हजार अधिक ३२ हजार, म्हणजे १ लाख ४६ हजार. त्या वर्षी अडीच लाखांपर्यंत कर नव्हता. खरा कर शून्य. दुसरीकडे, माल कास्तकाराचा, भाव जिनिंगचा, आणि वडिलांना क्विंटलमागे ठरलेली रक्कम, असं असेल तर ते कमिशन. क्विंटलमागे शंभर रुपये धरले तरी ४७७ क्विंटलवर ४७ हजार सातशे होतात. पण कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी लागू होत नाही, आणि दलाली सिद्ध करायला जिनिंगचं आणि कास्तकारांचं लेखी म्हणणं लागतं.

दोन्हींपैकी जे सोयीचं ते लिहू नका. जे खरं होतं ते लिहा. याला व्यवहारातलं कारणही आहे. व्यापारी म्हटलं की जीएसटी नोंदणीचा, कापसावरच्या उलट आकारणीचा (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायचा) आणि बाजार समितीच्या परवान्याचा प्रश्न मागे येतो. दलाल म्हटलं आणि जिनिंगच्या खात्यात वडिलांचं नाव 'विक्रेता' म्हणून निघालं तर तुमचं सगळंच म्हणणं पडतं. म्हणून उत्तर लिहिण्याआधी जिनिंगमध्ये जाऊन खातेउतारा घ्या. त्यांच्या वहीत काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आपण काय होतो ते ठरवू नका.

अधिकारी पासबुकाची एकच बाजू वाचतो, जमेची. तुम्ही दुसरी वाचून दाखवा. खेडा खरेदीच्या खात्याला एक ठरलेली चाल असते: आज जिनिंगचे पावणेदोन लाख आले, उद्या-परवा तेवढेच रोख निघाले, बाजाराच्या दिवशी वाटले गेले, खात्यात हजार-दोन हजार उरले. दहा महिने हीच चाल दिसत असेल तर ज्याच्या खात्यात शिल्लकच राहत नाही त्याने २६ लाख कमावले कुठे, हा प्रश्न पासबुकच विचारतं. मी अशा प्रकरणांत तारीखवार तीन रकान्यांचा तक्ता करतो: आले कुठून, निघाले कधी, गेले कोणाला. कास्तकारांना दहा हजारांच्या वर रोख दिले म्हणून खर्च नाकारला जाईल अशी भीती घालणारे भेटतील. पिकवणाऱ्याकडून शेतमाल घेताना दिलेल्या रोखीला नियम ६डीडी मध्ये सूट आहे.

शेतीचं उत्पन्नही दाखवा, पण वावराला झेपेल तेवढंच. 'शेतकऱ्याला कर नसतो' हे अर्धंच खरं आहे. कलम १०(१) ची सूट पिकवलेल्या मालाला आहे, विकत घेऊन विकलेल्या मालाला नाही. १४ एकर कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर ७० क्विंटल, त्या वर्षीच्या हमीभावाने ३ लाख ८१ हजार, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचाई जायची. सातबाऱ्यावरचा पीकपेरा, ८-अ, विक्रीच्या पट्ट्या आणि काटा पावत्या याला जुळल्या पाहिजेत. २६ लाख सगळे शेतीचे असं लिहून दिलेलं मी पाहिलंय. त्यानंतर त्या माणसाचा खरा कागदही कोणी नीट वाचला नाही. सातबारा भावांसोबत सामायिक असेल तर वाट्याचंही स्पष्ट लिहा.

२०१९-२० चं अपील फॉर्म ३५ वर, पोर्टलवरून, सीआयटी अपील म्हणजे अपिलं ऐकणाऱ्या आयकर आयुक्तांकडे. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस, ती उलटून गेलेली. कलम २४९(३) खाली विलंब माफ होऊ शकतो, पण कारण खरं आणि तारखांसह हवं. आपल्या भागात एक कारण पुन्हापुन्हा निघतं: पॅन काढून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्याने स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकलेला असतो, आणि सगळ्या नोटिसा तिकडे जातात. तुमच्याकडे तसंच झालं असेल तर पोर्टलच्या प्रोफाइलची प्रत, वडिलांचं प्रतिज्ञापत्र आणि पहिल्यांदा कधी व कसं कळलं याची तारीख जोडा. कळल्यानंतरचा उशीर मात्र कोणी माफ करत नाही, म्हणून आता दिवस घालवू नका. तांत्रिक विलंबापेक्षा न्याय मोठा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या कातिजी प्रकरणात सांगितलंय. अर्जात ते घेता येतं, पण तुमच्या स्वतःच्या तारखा नीट असतील तरच त्याचा उपयोग.

अपिलात एका बारीक अटीवर बरेच जण अडकतात. ज्याने रिटर्नच भरलं नाही, त्याला आगाऊ कराएवढी रक्कम भरल्याशिवाय अपील चालत नाही, कलम २४९(४). तुमच्या हिशेबाने कर दहा हजारांच्या खाली येत असेल तर आगाऊ कर लागतच नव्हता. हे हिशेबासह अपिलातच लिहा आणि सोबत सूट मिळण्याचा अर्जही द्या. फॉर्ममधला या अटीचा रकाना रिकामा सोडल्यामुळे मूळ मुद्दा न ऐकताच अपील फेटाळलं जातं. फी १,००० रुपये. नवे कागद नियम ४६ए खाली दाखल करायचे असतात, आधी का देता आले नाहीत हे सांगून.

१ ऑक्टोबर २०२४ पासून एकतर्फी आदेश असेल तर सीआयटी अपील तो रद्द करून नव्याने तपासणीला परत पाठवू शकतात. तुमच्या प्रकरणात असं होणं शक्य आहे. ते घडलं तर जिंकलो समजून कागद बांधून ठेवू नका. खरी लढाई त्या दुसऱ्या तपासणीत असते आणि तिथे प्रत्येक नोटिशीला उत्तर द्यावं लागतं.

नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. अपील दाखल करून त्याची पावती जोडून तुमच्या हद्दीच्या आयकर अधिकाऱ्याकडे स्थगितीचा अर्ज द्या, कलम २२०(६). २०१७ च्या परिपत्रकाने साधारण २० टक्के भरायला सांगतात. ४३ लाखांवर ते साडेआठ लाखांच्या वर जातात. तेवढे नसतील तर कमी मागा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अधिकारी प्रकरण पाहून यापेक्षा कमीवरही स्थगिती देऊ शकतात. खरा कर शून्याजवळ येतो हे दाखवणारा तुमचा तक्ता इथेही जोडा आणि दरमहा किती झेपेल तो हप्ता लिहा. अर्ज न देता बसलं तर बँक खातं गोठतं, आणि ऐन पेरणीत पीककर्ज त्याच खात्यात आलेलं असलं की घराचे हाल होतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

२०१७-१८ सर्वांत अवघड. उशीर वर्षांचा आहे, आणि कोणी खात्रीने माफ होईल म्हणत असेल तर तो खोटं बोलतो. पण मुद्दा मात्र चांगला आहे. २०१६ ला लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होतं, ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या. आपल्याकडे पऱ्हाटीची (कपाशीची) पहिली वेचणी तेव्हाच सुरू असते आणि खेडा खरेदीवाल्याच्या घरी वाटायची रोकड असणं स्वाभाविक. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६ मध्ये खात्यातून किती निघाले, जिनिंगने किती दिले, हे पासबुकावर दिसलं तर ९ लाख ४० हजारांपैकी बराचसा भाग तिथेच उलगडतो. जो उलगडणार नाही तो मान्य करा. वाटा दोन आहेत. एक, विलंबमाफीसह अपील, म्हणजे पुढे नागपूरचं अपिलीय न्यायाधिकरण खुलं राहतं. दोन, नागपूरला प्रधान आयुक्तांकडे कलम २६४ चा पुनरीक्षण अर्ज, फी ५०० रुपये, मुदत वर्षाची पण विलंब माफ होऊ शकतो. त्यात आदेश तुमच्या नुकसानीचा होऊ शकत नाही, पण नाकारला तर उच्च न्यायालयाशिवाय पुढे काही नाही. कागद भरपूर असतील तर मी अपील निवडतो. चूक आदेशावरच उघड दिसत असेल तर २६४. तुमचं पासबुक पाहिल्याशिवाय यापैकी एक ठामपणे सांगणं बरोबर होणार नाही. आकडेमोडीची चूक, किंवा आधीच कापलेला कर (टीडीएस) धरलाच नाही, असं काही असेल तर त्याला दुरुस्तीचा कलम १५४ चा अर्ज आहे. ती मुदत आदेशाच्या आर्थिक वर्षाअखेरपासून चार वर्षांची, म्हणजे २०१९ च्या आदेशासाठी संपलेली, २०२४ च्या आदेशासाठी शिल्लक.

दंडाच्या नोटिसा वेगळ्या येतात आणि लोक त्या आदेशाचीच प्रत समजून सोडून देतात. प्रत्येकीला उत्तर द्या, अपील प्रलंबित आहे म्हणून दंडाची कारवाई थांबवावी एवढं तरी लिहा.

सेटलमेंट करून देतो म्हणणाऱ्याला एकही रुपया देऊ नका. फेरतपासणी आणि अपिलं आता बहुतेक चेहराविरहित पद्धतीने चालतात. तिथे तुमची फाइल देशात कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे ते त्यालाही माहीत नसतं. कराचा पैसा फक्त वडिलांच्या पॅनवर, पोर्टलवरून, मागणीसाठीच्या ४०० क्रमांकाच्या शीर्षाखाली भरायचा आणि चलन जपून ठेवायचं. हाताशी आलेला कोणताही आदेश खरा आहे का हे त्यावरच्या दस्तऐवज क्रमांकाने पोर्टलवर तपासता येतं.

शेवटचा प्रश्न, यंदापासून रिटर्न भरावं का. भरा. जुनी वर्षं बँकेने कळवलेल्या माहितीवरून उघडली आहेत, नव्या रिटर्नमुळे ती वाढणार नाहीत. उलट वडील आता नियमित भरतात हे स्थगितीच्या अर्जातही सांगता येतं. तुम्ही स्वतः तोच धंदा पुढे करत असाल तर त्याला वेगळं चालू खातं काढा, पीककर्ज आणि घरचा पैसा त्यात मिसळू देऊ नका. आणि आज संध्याकाळीच पोर्टलवर वडिलांच्या प्रोफाइलमध्ये जाऊन त्या सेवा केंद्रवाल्याचा मोबाइल आणि ईमेल असेल तर तो काढून तुमचा टाका, कारण २०२२-२३ ची पुढची नोटीस तिथेच येणार आहे.